घरमालक एक रुपयाही सोडत नाही तेव्हा

व्यापारी बांधवांना भाव कसा करावा हे सांगायला जाणे म्हणजे रावेरच्या माणसाला केळी दाखवण्यासारखे आहे. सुरतेहून आलेल्या मालावर मीटरमागे पन्नास पैसे सोडवून घेण्यासाठी आम्ही अर्धा अर्धा तास घासाघीस करतो, चहा पितो, उठून जातो, परत येतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदेही आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. पण घर ही वस्तू थानासारखी नाही. थान पटले नाही तर शेजारच्या पेढीवर तसेच दुसरे मिळते. मनात भरलेले घर एकच असते आणि त्याचा मालक "कमी होणार नाही" म्हणाला की तीस वर्षे गादीवर बसलेला माणूससुद्धा गोंधळतो. आम्ही गोंधळलो. त्याची हकीकत येथे देत आहोत, कारण आमच्या चुकांचा पैसा आम्ही भरला आहे, वाचकांनी तो पुन्हा भरू नये.

आमचे मूळ घर धुळ्याचे. दुकान मात्र जळगावला, महात्मा फुले मार्केटच्या परिसरात. एकोणीस वर्षे आम्ही जळगावात भाड्याच्या घरात काढली. २०२० साली टाळेबंदी आली, रमजान ईदचा हंगाम बंद शटरमागे गेला आणि भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसे चोवीस तास कोंडली गेली, तेव्हा घरच्यांनी निक्षून सांगितले की आता स्वतःचे घर पाहिजे. ऑगस्टमध्ये सोने दहा ग्रॅमला पन्नास हजारांच्या वर गेले होते. त्यांनी दागिन्यांचा डबा आमच्यापुढे ठेवला. सराफ बाजारातून त्याचे चार लाख आले. उधारी वसूल करून आणि माल मोडून एकवीस लाख जमले. धाकट्या भावाने तीन दिले. एकूण अठ्ठावीस. बँकेचे कर्ज काढायचे नाही हे आधीच ठरले होते. त्याचे कारण या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

जळगावच्या जुन्या वस्तीत एक घर बंद पडलेले होते. साधारण बाराशे चौरस फूट जागा, पुढे दोन पक्क्या खोल्या, मागे जुने धाब्याचे बांधकाम. धाबे एका बाजूने खचलेले, पण खालच्या तुळया आणि खांब अस्सल सागवानी. मालक निवृत्त मास्तर, वडिलांच्या मृत्यूनंतर आईला घेऊन धुळ्याला राहायला गेलेले. दलालाने भाव सांगितला बत्तीस लाख, आणि डोळा मिचकावून म्हणाला, "पाच वर्षे पडून आहे शेठ, खाली येईल."

आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला. ही पहिली चूक.

सप्टेंबरात आम्ही मुलाच्या मोटारसायकलवर बसून एरंडोल, पारोळा मार्गे धुळ्याला गेलो. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम चालू होते, त्यामुळे पोहोचेपर्यंत कंबर बोलायला लागली. मास्तरांनी आदराने बसवले, चहा दिला. आम्ही बाजाराच्या सवयीने पंचवीस सांगितले. मनात हिशेब असा की तो बत्तीस म्हणतो, आम्ही पंचवीस म्हणू, साडेअठ्ठावीसला गाठ पडेल. मास्तर हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "बत्तीस. एक रुपया कमी नाही." पंधरा दिवसांनी सत्तावीस घेऊन गेलो. तेच उत्तर. तिसऱ्या खेपेस अठ्ठावीस सांगितले आणि सोबत रेडी रेकनरचा उतारा नेला. सरकारी दराने त्या घराची किंमत सत्तावीस निघत होती. आम्ही कागद पुढे करून म्हणालो, "मास्तर साहेब, सरकारच सत्तावीस म्हणते." ते म्हणाले, "मग सरकारकडूनच घ्या."

वाक्य झोंबले, पण त्यात खोटे काही नव्हते. रेडी रेकनर, म्हणजे शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, हे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतात. खरेदीखतातील किंमत आणि तक्त्याची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क लागते. तक्ता म्हणजे शुल्काचा तळ आहे, बाजाराचा भाव नव्हे. गल्लीत एक घर कोपऱ्यावरचे आणि दुसरे बोळाच्या टोकाचे असेल, तरी तक्त्यात दोघांचा दर एकच असू शकतो. उलट बाजूनेही हे ध्यानात ठेवावे. मालकाला रडवून तक्त्याच्या बऱ्याच खाली भाव पाडून घेतला, तरी शुल्क तक्त्याप्रमाणेच भरावे लागते. शिवाय करारातील किंमत आणि शुल्कासाठीची किंमत यांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर पडले, तर ते अंतर आयकर खाते खरेदीदाराचे उत्पन्न धरू शकते. एवढे स्वस्त घर कागदावर महाग पडते.

त्या दिवशी मास्तर नमाजला गेले आणि आम्हाला थोडा वेळ बसावे लागले. धुळ्याच्या त्या सरळ, क्रमांकाच्या गल्ल्या पाहून शाळेत ऐकलेली एक गोष्ट आठवली. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली नवे धुळे वसवायला घेतले तेव्हा गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. बाहेरून व्यापारी आणि कारागीर यावेत म्हणून त्याने घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर घर बांधायला उचल दिली. आम्ही दोनशे वर्षे उशिरा जन्मलो, एवढेच.

दलालाचा सल्ला असा की दिवाळीपर्यंत थांबा, म्हातारा वाकेल. आता येथे आमच्या एका स्नेह्याची गोष्ट मध्ये घालतो, कारण दलालाचे ऐकून थांबण्याऐवजी आम्ही वेगळी वाट धरली ती त्या गोष्टीमुळे.

हे स्नेही धुळ्याचे, लुंगी आणि चादरींचा व्यापार करणारे. २०१३ साली त्यांनी तेथे एक घर पाहिले. मालकाने बावीस लाख सांगितले आणि पहिल्याच बैठकीत अठरावर आला. स्नेही खूश. चार लाख सुटले या आनंदात त्यांनी दोन लाख रोख बयाना दिला, साध्या कागदावर सही घेतली, वकिलाला दाखवायचे राहून गेले. महिन्याभराने बऱ्हाणपूरहून मालकाच्या बहिणीची नोटीस आली. घर वडिलांच्या नावाचे, वडील वारलेले, बहिणीला विचारलेलेच नाही. विकणारा इतक्या लवकर उतरला याचे कारण त्याला सौदा आटपायची घाई होती. दावा सहा वर्षे चालला. शेवटी २०१९ मध्ये बहिणीला वेगळे पैसे देऊन तडजोड झाली आणि घर बावीसाच्याही पलीकडे गेले.

तेव्हापासून आमचे मत असे की भाव न सोडणाऱ्या मालकापेक्षा झटकन सोडणारा मालक जास्त तपासावा. धंद्यातही कोरा माल निम्म्या भावात कोणी देऊ लागला की आपण आधी थान उलगडून डाग शोधतो.

मास्तरांचे थान उलगडायचे म्हणून आम्ही भाव बाजूला ठेवला आणि फक्त कागद मागितले. विकायची खरी इच्छा आहे की नाही हे कागद मागितल्यावर कळते. ज्याला विकायचे नसते, नुसता आपल्या घराचा भाव अजमावायचा असतो, तो "आधी भाव ठरवा, कागद काय, मिळतील" म्हणतो. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, वडिलांचा मृत्यूचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स प्रती पाठवल्या. पत्रिकेवर अजून वडिलांचेच नाव होते. घरपट्टी एक्केचाळीस हजार थकलेली.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी कागद हातात आला की पूर्वी धडकी भरत असे. पण खरेदीच्या कागदांत एक गंमत आहे. दस्त, कब्जा, हक्क, वारस, मुखत्यार, फेरफार, मालमत्ता, बयाना, एवढे आपले ओळखीचे शब्द त्यात बसलेले असतात की उर्दू शिकलेल्या माणसाने बिचकण्याचे कारण नाही. अवघड वाटतात ती मधली क्रियापदे. ती वकिलाकडून समजावून घ्यावीत आणि समजल्याशिवाय सही करू नये.

मिळकत पत्रिका पाहिल्यावर आम्ही दलालाला न घेता, भावाचा शब्द न काढता, चौथ्यांदा धुळ्याला गेलो. सहज विचारले, "मास्तर साहेब, वारस किती?" ते उत्तर देण्याआधी आतल्या दारातून त्यांच्या आईचा आवाज आला. "आठ हिस्से आहेत बेटा. एका हिश्शाला चार लाख. मी मुलींना तेवढे कबूल केले आहे."

आम्ही बोटांवर मोजले. मयताच्या मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. मुले असताना पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात सात वाटे पडतात, म्हणजे प्रत्येक वाटा पुन्हा एक अष्टमांशच. आईचा एक, तीन मुलींचे तीन, दोन मुलांचे दोन-दोन. एकूण आठ. आठ चोक बत्तीस. मास्तरांचा आकडा हट्टाचा नव्हता, भागाकाराचा होता.

मग मास्तर प्रथमच मोकळे बोलले. एक बहीण मालेगावला, तिने त्या चार लाखांच्या भरवशावर घराचे बांधकाम काढलेले. दुसरी भुसावळला, तिसरी बऱ्हाणपूरला. पाच घरांत हा आकडा गेली दोन वर्षे माहीत होता. ते म्हणाले, "मी दोन लाख सोडले तर कोणी म्हणणार नाही की खरेदीदाराने भाव पाडला. मेहुणे म्हणतील, मोठ्या भावाने वरचे दोन लाख आपल्या खिशात घातले." आम्ही तीन खेपा त्यांच्याकडे रुपये मागत होतो आणि ते आपली इज्जत सांभाळत बसले होते. पंचवीस म्हटले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे तेथे बसून कळले.

येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या समाजात बहिणीचा हिस्सा जिभेवर सगळे मान्य करतात, हातावर फार थोडे ठेवतात. हक्कसोडपत्रावर सही घेऊन साडीचोळीवर पाठवणी करणारे भाऊ आम्ही जळगावातही पाहिले आहेत आणि धुळ्यातही. खरेदीदाराने "तो त्यांच्या घरचा मामला" म्हणून तिकडे काणाडोळा करू नये. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची मालमत्ता असा प्रकार नाही. मृत्यूच्या क्षणीच प्रत्येक वारसाचा ठरलेला हिस्सा त्याचा होतो. मयताचे कर्ज, मेहर बाकी असेल तर ते, आणि एक तृतीयांशाच्या आत वसीयत असेल तर ती, एवढे आधी फिटले पाहिजे. बाकी प्रत्येक जण आपल्या हिश्शाचा मालक. म्हणून भावाच्या एकट्याच्या सहीने भावाचा हिस्साच विकला जातो, बहिणीचा नाही. आमच्या स्नेह्यांचे सहा वर्षांचे दुखणे एवढ्या एका वाक्यात आहे.

आम्ही परत आलो आणि रात्रभर हिशेब केला. भाव उतरणार नाही हे आता समजले होते. मग दुसरे काय काय उतरू शकते? आपल्या धंद्यात रोखीच्या गिऱ्हाइकाला वटाव मिळतो, साठ दिवसांच्या उधारीवाल्याला मिळत नाही. म्हणजे मुदत हीसुद्धा किंमतच आहे. मास्तरांना बत्तीसच्या खाली एक रुपया चालत नव्हता, पण ते बत्तीस कोणाला कधी पोहोचायचे, यावर आम्ही आजवर एक शब्द बोललो नव्हतो.

दरम्यान एक मोठी सवलत आमच्या दारात येऊन उभी होती. राज्य शासनाने १ सप्टेंबर २०२० पासून ३१ डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले होते, आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांनी. महापालिका हद्दीत एरवी अधिभार धरून सहा टक्के लागत. बत्तीस लाखांवर एक लाख ब्याण्णव हजार. डिसेंबरअखेर शुल्क भरले तर शहाण्णव हजार. मास्तर एक रुपया सोडत नव्हते आणि सरकार शहाण्णव हजार सोडत होते. आम्ही मात्र दिवाळीनंतर म्हातारा वाकेल या आशेवर बसायला निघालो होतो. घराच्या भावावर अडून बसताना शुल्काची तारीख कोणी पाहत नाही. ही सवलत आता इतिहासजमा झाली. पण १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सूट आहे. बत्तीस लाखांवर बत्तीस हजार. आमच्या घरच्यांना याची आठवण दर वर्षी एकदा तरी होते.

नोव्हेंबरात, दिवाळीच्या आठवड्यात, आम्ही पाचव्यांदा गेलो. पहिलेच वाक्य बोललो, "बत्तीस मान्य." मास्तर काही क्षण गप्प राहिले. मग आम्ही आमचे म्हणणे मांडले.

पैसे मास्तरांच्या हातात एकरकमी देणार नाही, सहाही वारसांच्या नावे वेगवेगळे देऊ. आईचे चार आणि तीन बहिणींचे प्रत्येकी चार, असे सोळा लाख खरेदीखताच्या दिवशीच पूर्ण. दोघा भावांच्या सोळापैकी निम्मे त्या दिवशी आणि उरलेले आठ लाख सोळा महिन्यांत, चार हप्त्यांत, तारखा टाकलेल्या धनादेशांनी. घरपट्टीची थकबाकी विकणाऱ्यांनी भरायची. सागवान आहे तेथेच राहील. खरेदीखत डिसेंबरात. सहाही जण दुय्यम निबंधकांसमोर स्वतः येतील.

आम्हाला वाटले होते की हप्त्यांवर वाद होईल. तो झाला नाही. बहिणींना त्यांचे पैसे आधी आणि थेट, हे ऐकून मास्तरांच्या खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे दिसले. त्यांचा धाकटा भाऊ जरा कुरकुरला. आईने आतून सांगितले, "मुलींचे आधी. तुम्ही कमावते आहात." विषय संपला. वाद झाला तो दरवाजावर. पुढचा कोरीव सागवानी दरवाजा मास्तरांच्या वडिलांनी बसवलेला होता, तो त्यांना हवा होता. आम्हीही त्यावर डोळा ठेवून होतो, खोटे कशाला बोला. शेवटी दरवाजा त्यांचा, तुळया-खांब आमचे.

विक्रेत्याच्या ताठरपणामागे कधी कधी कराची भीती असते, तीही मास्तरांना होती. कोणीतरी त्यांना सांगितले होते की बत्तीस लाख एका नावावर आले की निम्मे सरकार घेईल. वारसांनी विकलेल्या घराचा नफा ज्याच्या त्याच्या हिश्शापुरता ज्याच्या त्याच्या नावे धरला जातो आणि जुन्या घराची मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाने धरता येते, हे सनदी लेखापालांनी त्यांना समजावले. नफा त्यांना वाटत होता त्यापेक्षा बराच लहान निघाला. २३ जुलै २०२४ पासून या कराचे दर बदलले आहेत. त्याआधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा लावून वीस टक्के, यांत जो कर कमी पडेल तो भरता येतो. मालक अडून बसला असेल तर त्याला एकदा लेखापालाकडे घेऊन जावे. फी आपण भरली तरी नुकसान नाही.

दलालाने या मुदतीत एक दुसरे गिऱ्हाईक उभे केले, साडेबत्तीसचे. मास्तरांनी त्याला दारातूनच परत पाठवले. एकाशी बोलणी चालू असताना त्यावर दुसऱ्याने बोली लावू नये ही शिकवण आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. बाजारात तिचे काय होते ते आपण जाणतोच. पंचवीस सांगून आम्ही ज्यांचा अपमान केला होता, त्यांनी पन्नास हजार त्या दिवशी सोडून दिले.

बयाना एक लाख, आईच्या नावे, धनादेशाने. याबद्दल दोन शब्द. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे बेकायदा आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. १ एप्रिल २०१७ पासून कोणत्याही व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास मनाई आली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की मालमत्तेच्या दाव्यात दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचे कोणी म्हणत असेल, तर न्यायालयाने ते आयकर खात्याला कळवावे. म्हणजे रोख बयाना बुडाला तर तो परत मागायला जाणेसुद्धा आता सोपे राहिले नाही. "थोडे काळे, थोडे पांढरे" म्हणणारा मालक भाव कमी करत असेल, तर तो तेवढा धोका आपल्या गळ्यात बांधत असतो.

वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. हरकत एकच आली, शेजाऱ्याची. आमच्या धाब्याचे पाणी त्यांच्या भिंतीवर पडते म्हणून. नळी बसवून देतो असे लिहून दिले.

डिसेंबरात सवलतीसाठी उडालेली गर्दी आठवली की अजून घाम येतो. तोंडाला मुसके बांधलेली माणसे, अंगठ्याच्या यंत्रावर सॅनिटायझर. मालेगावची बहीण तान्हे मूल घेऊन आली होती, बऱ्हाणपूरची पहाटे निघून आली होती. प्रत्येकीच्या खात्यात चार लाख जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर आला, मगच सह्या झाल्या. भुसावळच्या बहिणीने तो संदेश दोनदा वाचून घेतला. उरलेल्या आठ लाखांच्या धनादेशांचे क्रमांक आणि तारखा खरेदीखतातच लिहिल्या. विकणाऱ्याचे पैसे बाकी असतील तर त्या मालमत्तेवर त्याचा बोजा राहतो, हे वकिलांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवले. शुल्क शहाण्णव हजार, नोंदणी फी तीस हजार. अठ्ठावीसमधून चोवीस आणि हे खर्च जाऊन जे उरले, त्यात वकील भागले आणि मागचे छत झाले.

पहिला हप्ता होता ३० एप्रिल २०२१ चा. त्याच महिन्यात राज्यात पुन्हा निर्बंध आले, कापड दुकाने बंद झाली. सलग दुसरी रमजान ईद शटर खाली. गोदामात माल भरलेला आणि खात्यात रक्कम नाही. धनादेश परत जाणे म्हणजे काय हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. चार दिवस आधी आम्ही मास्तरांना फोन केला. वाक्य तयार करून ठेवले होते, ते पुरे बोलूच दिले नाही. म्हणाले, "शेठ, चारही धनादेश दोन-दोन महिने पुढे सरकवून टाका. भावालाही मी सांगतो." ज्या माणसाने बत्तीस लाखांत एक रुपया सोडला नाही, त्याने न मागता दोन महिने दिले.

शेवटचा हप्ता जून २०२२ मध्ये गेला. धाकटा भाऊ अजून म्हणतो की दोन लाख जास्त गेले. गेले असतील. त्याचा हिशेब निव्वळ भावाचा आहे. आठ लाखांचे भांडवल त्या वाईट काळात दीड वर्ष आमच्या दुकानात फिरत राहिले, हे तो धरत नाही. आणि आम्ही पहिल्या दिवशी बत्तीस मान्य करून हेच मागितले असते, तर धुळ्याच्या तीन खेपा वाचल्या असत्या, हे आम्ही त्याला सांगत नाही.

दरवाजा मास्तरांनी मालेगावच्या बहिणीच्या नव्या घरासाठी नेला. तेथील चौकटीला तो बसेना. वरून दोन इंच तासावा लागला.